व्यक्तिमत्त्व विकास : क्रेडिट दोन

महाराष्ट्रात कॉलेजात जाणाऱ्या मुलाला स्वतःची महत्त्वाकांक्षा नसते. ती विचारणाऱ्याची असते. मामा विचारतो तेव्हा मुलाला कलेक्टर व्हायचं असतं, कारण मामाला भाच्याच्या गाडीवर लाल दिवा बघायचा असतो. (तो दिवा २०१७ सालीच निघाला, हे मामाला अजून कुणी सांगितलेलं नाही.) आत्या विचारते तेव्हा त्याला बँकेत लागायचं असतं, कारण आत्याच्या नणंदेची मुलगी लग्नाची आहे आणि तिच्या घरच्यांना बँकेतलाच हवाय. मित्र विचारतात तेव्हा ‘नोकरीबिकरी नाय, आपलं स्वतःचं काहीतरी’ असतं, आणि ते काहीतरी हमखास चहाचं असतं. वडील विचारतच नाहीत. गोठ्यातून येता येता ते नुसतं बघतात, आणि मुलगा पुस्तक उघडतो.

अशी एकेका मुलाकडे चार-पाच ध्येयं सहज निघतात. कुठलं कुणासमोर काढायचं याचं त्याला पक्कं भान असतं. लग्नाच्या मांडवात मामा आणि मित्र एकदम समोर आले तरच पंचाईत होते. अशा वेळी मुलगा पंगतीत वाढायला पळतो. लग्नातली तरुण मुलं एवढी कामसू का असतात, याचं कारण हे आहे.

मला हे सगळं कागदोपत्री कळलं ते नव्या शैक्षणिक धोरणामुळे. धोरण २०२० साली आलं. आमच्यासारख्या तालुक्याच्या संलग्न कॉलेजापर्यंत पोहोचायला त्याला २०२४ उजाडलं. त्याआधी बी. ए. म्हणजे मराठी, इतिहास, अर्थशास्त्र असा सरळ मामला होता. आता मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी आणि ओजेटी असतं. सत्राला २२ क्रेडिट. स्टाफरूममध्ये वेळापत्रक लावायला बसलं की बाहेरच्या माणसाला वाटावं, आत डोळे तपासताहेत.

हे क्रेडिट साठवायला एक बँकही आहे. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, स्थापना २०२१. विद्यार्थ्याचे क्रेडिट तिथे जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. पालक सभेत मी हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. गावच्या पतसंस्थेत त्यांच्या ठेवी अडकलेल्या. म्हणाले, “सर, बँक चांगली हाय. पर चेअरमन कोण हाय?”

मी कॉलेजात मराठी शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे. दिवाळीला तास नाहीत, मे महिन्यात तास नाहीत, आणि गणपती विसर्जनाला सुट्टी जाहीर झाली की विद्यार्थ्यांइतका आनंद मला होत नाही. कायम प्राध्यापकांनी आपापले विषय उचलल्यावर टेबलावर जे उरतं ते माझ्याकडे येतं. यंदा व्यक्तिमत्त्व विकास उरला. दोन क्रेडिट, ३० तास, ५० गुण. ३० तासांत शंभरेक मुलांचं व्यक्तिमत्त्व विकसित करून गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायचे. त्यातला निम्मा भाग प्रकल्पाचा होता : विद्यार्थ्याने स्वतःकडे वळून बघायचं आणि ‘माझी ध्येये, माझ्यापुढील आव्हाने आणि माझा विकास’ या विषयावर फाईल करायची.

मी फळ्यावर विषय लिहिला. म्हटलं, मनापासून लिहा. वर्गात शांतता पसरली. मला वाटलं मुलं अंतर्मुख झाली. मग पहिला हात वर आला.

“सर, किती पानं?”

“मनात असेल तेवढी.”

“तरी पण सर, कमीत कमी?”

दुसऱ्याने विचारलं, एका बाजूला लिहायचं की पाठपोट? तिसरीला लाल स्केचपेनने चौकट आखायची होती. चौथ्याने अगदी शेवटी, जरा दबकत विचारलं, “सर, मागच्या वर्षीची कुणाची बघायला मिळंल का?” त्याला सांगितलं की स्वतःचं आयुष्य मागच्या वर्षीच्या फाईलवरून उतरवता येत नाही. त्याने मान डोलावली. पण कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पुढच्याच आठवड्यात ‘सरांचं ध्येय-आव्हान, तयार, स्पायरलसहित’ मिळायला लागलं.

फायली वेळेवर आल्या. प्रत्येकीत मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश होता. ‘माझी आव्हाने उपलब्ध करून दिल्याबद्दल मा. प्राचार्यांचा मी ऋणी आहे,’ असं एकाने लिहिलं होतं. वाक्य चुकून झालं असणार. तरी प्राचार्यांच्या टेबलावर ती फाईल मी तळाशी ठेवली.

निम्म्या फायलींचं मराठी इतकं गुळगुळीत होतं की डोळा ठरेना. ‘महाविद्यालयीन जीवन हा एक परिवर्तनशील प्रवास असून त्याने माझ्या क्षितिजांना नवे आयाम दिले.’ हा मुलगा समोर आला की मराठीत त्याचं सगळ्यात लांब वाक्य ‘सर, प्रेझेंटी लावा की’ हे असतं. मोबाईलमधल्या एआयने मुलांचं आत्मपरीक्षण करून टाकलं होतं. एआय हुशार खरं, पण त्याला आमचा तालुका माहीत नाही. एकाच्या फाईलमध्ये लिहिलं होतं, ‘रूममेटशी जुळवून घेताना मी संयम शिकलो. त्याच्या सवयी वेगळ्या असल्या तरी मी त्याचा आदर करतो.’ हा मुलगा वस्तीवर राहतो. त्याच्या खोलीत त्याचे आजोबा झोपतात. मी फाईल घेऊन त्याला विचारलं. तो थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, “पर सर, खरंच हाय की. सवयी लय वेगळ्या हायत.”

आता ध्येयांकडे वळू. फाईलमधल्या ध्येयांचे ढोबळमानाने तीन प्रकार निघाले : वर्दी, तलाठी आणि ‘समाजासाठी काहीतरी’. तिसऱ्या प्रकारातल्या मुलांनी पहिल्या दोन्हींचे फॉर्म भरलेले असतात.

यात हसण्यासारखं वाटेल, पण आकडे बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज आले १० लाखांच्या वर. २०२४ च्या पोलीस भरतीत जागा १७,४७१, अर्ज १७ लाखांच्या वर. त्यातले काही अर्ज माझ्या वर्गातून गेले होते. इतक्या लोकांना एकच गोष्ट हवी असेल तर तिला महत्त्वाकांक्षा म्हणायचं की हवामान, हे ठरवायला हवं.

आमच्याकडे पहाटे चार वाजता राज्य महामार्गावर जा. अंधारात पोरं पळत असतात. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८००. मग १०० मीटर आणि गोळाफेक. सोळाशेला पूर्ण गुण हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांत आलं पाहिजे. साखर कारखान्याच्या कमानीपासून पेट्रोल पंपापर्यंतचं अंतर त्यांनी मोजून ठेवलंय आणि उसाच्या ट्रॉल्यांचे ड्रायव्हर त्यांना नावाने ओळखतात. हीच मुलं अकरा वाजता माझ्या तासाला येतात आणि संत साहित्य सुरू झालं की पहिल्या ओवीला झोपतात. प्राचार्य एकदा खिडकीतून बघून म्हणाले, “तुमचा तास फार शांत असतो.” मी आभार मानले.

वर्दीच्याही वरची पायरी म्हणजे एमपीएससी. तिच्यासाठी पुण्याला जायचं असतं. सदाशिव पेठेतली किंवा नवी पेठेतली कॉट, अभ्यासिकेतली खुर्ची, आणि मेस, जिची रविवारी संध्याकाळी चूल बंद असते. त्या एका संध्याकाळी अधिकारी होऊ घातलेला सगळा महाराष्ट्र वडापाव खातो. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. म्हणजे विसाव्या वर्षी पदरात पडलेलं उज्ज्वल भविष्य निदान अठरा वर्षं वापरता येतं. गाडीच्या मागच्या काचेवर ‘भावी पीएसआय’ लिहायला कुणाची हरकत नसते. आमच्या एका विद्यार्थ्याने ते पल्सरच्या नंबर प्लेटवर लिहिलं होतं. विद्यमान पीएसआयने दंड केला.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं तेव्हा २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि ती पद्धत २०२५ पर्यंत पुढे गेली. नऊ पेपर, १,७५० गुण. आजवर गोल काळे करणाऱ्यांना आता वाक्यं लिहावी लागणार म्हटल्यावर मला मधेच भाव आला. मागच्या बॅचची तीन मुलं पुण्याहून भेटायला आली. “सर, निबंध कसा लिहायचा?” मी त्यांना तीन वर्षं तेच शिकवलं होतं, पण तेव्हा तो अभ्यासक्रमात होता, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नव्हतं.

गावात एक मुलगा पास झाला की शंभर फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवर त्याचा फोटो मधे लहान आणि शुभेच्छुकांचे भोवतीने मोठे. मग सत्कार. सत्कारात तो सांगतो की मी रोज चौदा तास अभ्यास केला. खाली बसलेल्या पोरांच्या आया तिथल्या तिथे मान वळवून आपापल्या पोराकडे बघतात. त्या आठवडाभर घरात जेवायला कमी वाढतात असं नाही, पण वाढताना चौदा तासांचा उल्लेख करतात.

आता आव्हानं. फायलींमधली आव्हानं सगळीकडे सारखीच होती : वेळेचं नियोजन, सोशल मीडियाचा अतिवापर, न्यूनगंड, इंग्रजीची भीती. ही पुस्तकी आव्हानं. लिहायला सोपी, मार्क मिळतात.

खरी आव्हानं कुणी लिहिली नाहीत, कारण ती आव्हानं आहेत असं त्यांना वाटत नाही. उदाहरणार्थ, एसटी. आमच्या एका विद्यार्थिनीच्या गावाला दिवसातून दोनच गाड्या. सकाळी सातची गाडी चुकली की कॉलेज गेलं. संध्याकाळी साडेपाचची चुकली की घर गेलं. गॅदरिंगच्या नाटकात तिला नायिकेचं काम मिळालं होतं. तालीम साडेपाचच्या पुढे जाणार म्हटल्यावर तिने दिग्दर्शकाला सांगितलं, “मला पहिल्या अंकात मारा.” लेखकाने तिला मारलं. नाटकाला बक्षीस मिळालं. परीक्षकांनी नायिकेचा अकाली मृत्यू धक्कादायक आणि धाडसी असल्याचं नमूद केलं.

एसटीत विद्यार्थ्यांच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पास काढायचा की अर्धं तिकीट, महिन्यात तास किती होतात, सुट्ट्या किती, सर किती वेळा येत नाहीत, हे सगळं धरून या मुली महिन्याच्या एक तारखेला जो हिशेब करतात, तो अर्थशास्त्राच्या पेपरात आला तर पहिल्या वर्गात पास होतील. पेपरात ‘सीमांत उपयोगिता’ असं विचारतात म्हणून गोची होते.

दुसरं आव्हान शिष्यवृत्तीचं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, बोनाफाईड, गुणपत्रक, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल. मोबाईल वडिलांचा. ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर येणार, वडील उसाच्या फडात, मोबाईल झाडाला टांगलेल्या पिशवीत. ओटीपीची मुदत काही मिनिटांची, तेवढ्यात फडातून झाडापर्यंत यायचं, पिशवी शोधायची, चष्मा शोधायचा आणि सहा आकडे ओरडून सांगायचे. एका विद्यार्थ्याने तर यासाठी धाकट्या भावाला झाडाखाली बसवला होता. हे नियोजन करणाऱ्या मुलाने फाईलमध्ये आव्हान म्हणून काय लिहिलं? ‘मला वेळेचं नियोजन जमत नाही.’

राहिला विकास. फाईलमधला विकास एकाच ओळीचा : ‘माझ्यात आत्मविश्वास वाढला.’ कशाने वाढला, किती वाढला, कुणाला कळलं, काही नाही. त्यापेक्षा जास्त तपशील तर उंची वाढल्याचे मिळतात.

मग मी फायली बाजूला ठेवल्या आणि मुलांकडे बघायला लागलो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. आमचं शिबिर यंदा डोंगराकडच्या एका गावात होतं. पहिल्या दिवशी सकाळी साने गुरुजींची प्रार्थना, मग सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा. घरी पाण्याचा तांब्या स्वतः न घेणारी मुलं तिसऱ्या दिवशी दीडशे माणसांचा स्वयंपाक करत होती. भाकरी नकाशासारखी व्हायची, पण व्हायची. शिबिराच्या शेवटच्या रात्री एकाने घरी फोन लावून आईला विचारलं, “तू रोज किती भाकरी करतीस?” पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. आईला वाटलं, पोराला ताप आलाय.

आणि ती पहिल्या अंकात मेलेली नायिका. शिष्यवृत्तीच्या पोर्टलशी दोन वर्षं झुंजून तिचा ऑनलाईन फॉर्म भरण्यात हात बसला होता. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली आणि तिच्या गल्लीतल्या सगळ्या बायका कागदपत्रं घेऊन तिच्या ओट्यावर आल्या. रात्री जागून तिने सगळ्यांचे फॉर्म भरले. कुणाच्या आधारवर माहेरचं नाव, कुणाच्या पासबुकावर सासरचं, एकीच्या जन्मतारखेत ती तिच्याच मुलापेक्षा लहान. सगळं निस्तरलं. एका फॉर्मचे पन्नास रुपये घे म्हणून बायका मागे लागल्या, तिने घेतले नाहीत. पण गल्लीत कॉलेजला जायला विरोध करणारी जी सगळ्यात कडक चुलती होती, तिचा फॉर्म तिने शेवटी भरला. जरा थांबवून. यालाच राज्यशास्त्रात सत्तेचा वापर म्हणतात. फाईलमध्ये यातलं अवाक्षर नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, “सर, ते सिलॅबसमध्ये कुठं होतं?”

मध्यंतरी कॅम्पसवर एक कंपनी आली. मुलाखतीची तयारी म्हणून मुलांना इंग्रजीतून स्वतःची ओळख, सामर्थ्य आणि कमजोरी पाठ करायला लावली होती. सगळ्यांनी एकच क्लिप बघून पाठ केली. सामर्थ्य : हार्डवर्किंग. कमजोरी : ‘आय ट्रस्ट पीपल इझिली.’ एकामागून एक चाळीस मुलं आत गेली आणि आपण लोकांवर पटकन विश्वास ठेवतो असं सांगून बाहेर आली. कंपनीच्या मॅडम जाताना मला म्हणाल्या, “तुमच्या भागातली माणसं फार भोळी आहेत.” त्याच भागात चेअरमन कोण आहे हे विचारल्याशिवाय क्रेडिटसुद्धा कुणी ठेवत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

शेवटच्या तासाला मी मुलांना म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचारा. सोळाशे मीटरवाला, जो पहिल्यांदाच जागा होता, त्याने विचारलं, “सर, तुमचं ध्येय काय?”

सेट परीक्षा पास आहे, पीएच. डी. चालू आहे, जाहिरातीची वाट बघतोय, हे सगळं मी जिभेवर आणलं आणि माझ्या लक्षात आलं की हे उत्तर मी संस्थेच्या सचिवांसाठी तयार केलेलं आहे. सासऱ्यांसाठी दुसरं आहे. म्हणून म्हटलं, “मे महिन्यात पगार मिळावा.” वर्गाने टाळ्या वाजवल्या. सत्राभरातला तो एकमेव तास, ज्याला कुणी झोपलं नाही.

आता प्रश्न गुणांचा. पन्नासपैकी वीस मिळाले की व्यक्तिमत्त्व उत्तीर्ण. वीसच्या खाली आलं की व्यक्तिमत्त्वाची एटीकेटी. पुढच्या सत्रात पुन्हा विकसित व्हायचं, फी वेगळी. पोर्टलवर रकाना दोन आकड्यांचाच आहे. झाडाखाली बसवलेला भाऊ, पहिल्या अंकातलं मरण, चुलतीचा शेवटी भरलेला फॉर्म यांना रकाना नाही. मी सगळ्यांना चाळीसच्या वर दिले. परीक्षा विभागातून फोन आला, गुण जास्त वाटताहेत, पुरावा आहे का? मी म्हटलं, फायली आहेत. पानं किती आहेत, त्यांनी विचारलं. भरपूर आहेत म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

वाचकहो, येत्या लग्नसराईत एखादा कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी हातात जिलेबीचं ताट घेऊन तुमच्या पंगतीत वाढायला येईल. तोंडावर येईल तो प्रश्न गिळा. ‘पुढे काय?’ विचारू नका, त्याचं उत्तर तुमच्यासाठी आधीच तयार आहे आणि ते तुम्हालाही माहीत आहे. त्याऐवजी ‘आज इथवर कसा आलास?’ एवढंच विचारा. सातची गाडी, पास, ओटीपी सगळं ऐकायला मिळेल. उत्तर लांब असेल, तेव्हा शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढा. आणि ऐकून झाल्यावर कृपया मार्क देऊ नका; ते काम तासिका तत्त्वावर आमच्याकडे आहे.